पणजोबांचा बाप्तिस्मा कुठे झाला?

दाखला मागायला येणाऱ्यांना आम्ही हा प्रश्न विचारतो, आणि बहुतेक जण गप्प होतात. नागापूर एमआयडीसीमुळे वाढले. आपली अनेक कुटुंबे खेड्यांतून कामासाठी आली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील नोंद इथे नव्हे, मूळ गावच्या धर्मग्रामात शोधावी लागते.

राहुरी तालुक्यातील केंदळसारख्या जुन्या मिशन ठाण्यांवर जर्मन जेझुइट फादर होते. त्या काळी नोंदी लॅटिनमध्ये होत. तारखेत '७ब्रिस' दिसले तर जुलै समजू नका. लॅटिनमध्ये 'सेप्तेम' म्हणजे सात, म्हणून तो सप्टेंबर! समासही वाचा. १९०८ पासून लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करणे बंधनकारक झाले. माहेरच्या नावाने नोंदलेली पणजी कुठे नांदायला गेली, ते त्या एका ओळीवरून कळू शकते.

कुटुंब आधी अमेरिकन मराठी मिशनचे असेल (ते नगरला १८३१ मध्ये आले), तर तिकडे चौकशी करा. बाप्तिस्म्याआधीच्या पिढ्यांसाठी तहसील कचेरीतील कोतवाल बुक पाहावे. जुनी पाने मोडीत असतात; जाणकार सोबत न्या.

"जाऊ द्या फादर, ते १८७६-७८ च्या दुष्काळातले ख्रिस्ती, उकरून काय करायचे?" असेही ऐकू येते. आम्हाला हे पटत नाही. उपाशी माणसाने भाकरी घेतली यात लाज कसली? दुष्काळ सरल्यावरही ती माणसे प्रभूजवळ राहिली, हे मात्र कोणी सांगत नाही.

घरातल्या म्हाताऱ्यांना आधी विचारा: मूळ गाव, आजीचे माहेर, धर्मपित्याचे नाव. ते लिहून आणा, मग पत्र आम्ही देऊ.