घरी जुळविलेल्या मोटारीचे शीतन

इंग्लंडमध्ये 1957 साली लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची एक छोटी, उघडी, दोन आसनांची मोटार विक्रीस आणली. तिचा जनक कॉलिन चॅपमन. ही मोटार सुट्या भागांचा संच म्हणूनही विकत मिळे. तयार मोटारीवर त्या काळी ब्रिटनमध्ये खरेदीकर द्यावा लागे, संचावर तो नसे; त्यामुळे अनेक हौशी मंडळींनी ही मोटार आपल्या घरी, आपल्या हातांनी उभी केली. 1973 साली खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि त्याच वर्षी सेव्हनच्या निर्मितीचे हक्क केटरहॅम कार्स या कंपनीकडे गेले. परंतु मोटार स्वतः जुळविण्याची हौस काही मावळली नाही.

अशी मोटार जुळविणारा मनुष्य सांगाडा, सुकाणू, ब्रेक या भागांकडे फार काळजीपूर्वक पाहतो. शीतनाचे काम त्या मानाने त्याला किरकोळ वाटते. पुढे रेडिएटर बसवावा, दोन रबरी नळ्यांनी तो इंजिनाला जोडावा, पाणी भरावे, की झाले! परंतु नवी मोटार पहिल्याच फेरीत तापून थांबण्याचे प्रसंग येतात ते बहुधा येथेच. याचे कारण मोटारीच्या बांधणीत आहे. संचातील इंजिन बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या नेहमीच्या मोटारीतून घेतलेले असते. त्या मोटारीत रेडिएटर उंच असतो व त्याचे टोपण सर्व पाण्याच्या वर असते. सेव्हनसारख्या मोटारीचे नाक मात्र ठेंगणे असते. तेथे रेडिएटर खाली बसतो आणि इंजिनाचा माथा त्याच्याहून उंच राहतो. या उंचीच्या फरकामुळे काय घडते, हे समजण्यासाठी प्रथम उष्णतेचा हिशेब पाहू.

पेट्रोल जळून जी ऊर्जा निर्माण होते, तिचा स्थूलमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जातो व उरलेला सुमारे एक तृतीयांश सिलिंडरांच्या भिंतींतून पाण्यात उतरतो. म्हणजे इंजिन 30 किलोवॅट, अर्थात सुमारे 40 अश्वशक्ती, देत असेल, तर जवळजवळ तेवढीच उष्णता पाण्याने वाहून नेली पाहिजे. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे 4.2 किलोजूल उष्णता लागते. तेव्हा सेकंदाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर इंजिनातून बाहेर पडताना ते आत शिरतानापेक्षा सुमारे 7 अंशांनीच अधिक तापलेले असेल. हीच उष्णता रेडिएटरमध्ये हवेला द्यावयाची असते. हवा 40 अंशांनी तापते असे धरले, तर दर सेकंदाला 0.6 घनमीटरहून अधिक हवा रेडिएटरच्या जाळीतून जाणे अवश्य ठरते. एवढ्याशा पाण्याला एवढी हवा का लागावी? कारण समान आकारमान घेतले, तर पाणी हवेच्या सुमारे 3500 पट उष्णता सामावून घेते.

हा 3500 चा आकडा वाचकाने ध्यानात ठेवावा. ज्या ठिकाणी पाणी असावयास हवे तेथे हवेचा बुडबुडा अडकला, तर त्या जागेपुरते शीतन जवळजवळ थांबते.

आता पाण्याचा मार्ग पाहू. रेडिएटरच्या तळाचे निवालेले पाणी पंप ओढून घेतो व इंजिनाच्या ठोकळ्यात ढकलतो. सिलिंडरांभोवती फिरून ते वरच्या माथ्यात चढते. तेथे, विशेषतः धूर सोडणाऱ्या झडपांच्या आसपास, धातू सर्वांत तप्त असते. माथ्यातून बाहेर पडण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट बसविलेला असतो. त्याच्या डबीतील मेण ठराविक तापमानाला, पुष्कळ इंजिनांत 82 ते 88 अंश सेल्सिअसच्या सुमारास, वितळून फुगते आणि झडप उघडते. तोवर पाणी एका आडवाटेने इंजिनातच फिरत राहते व इंजिन लवकर तापते. थर्मोस्टॅट काढून टाकला म्हणजे इंजिन थंड राहील, असा एक समज आढळतो. तो खरा नव्हे. झडपेबरोबर आडवाट बंद होण्याची सोय काही इंजिनांत असते. तेथे थर्मोस्टॅट काढल्यास पुष्कळसे पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच परत फिरते.

हवा हलकी असल्याने ती या मार्गातील सर्वांत उंच जागी जमते. उंच रेडिएटर असलेल्या मोटारीत ती जागा म्हणजे रेडिएटरचे टोपण. तेथे हवा जमली तरी बिघडत नाही. ठेंगण्या नाकाच्या मोटारीत ती जागा म्हणजे इंजिनाचा माथा, म्हणजे नेमके सर्वांत तप्त ठिकाण. तेथे बुडबुडा अडकला की धातूची उष्णता नेणारे कोणी उरत नाही. लगतचे पाणी उकळून वाफ होते व बुडबुडा मोठा होतो. माथा ॲल्युमिनियमचा असेल तर तो वाकतो, गॅस्केट जळते. हवा पंपापर्यंत पोहोचली, तर त्याची पाती पाण्याऐवजी फेसच घुसळत बसतात व अभिसरण थांबते. यातील सर्वांत घातक गोष्ट अशी, की तापमापकाचे टोक हवेत उघडे पडले तर त्याला पाण्याची उष्णता नीट पोहोचत नाही. काटा शांतपणे मधोमध उभा असतो आणि आत इंजिन जळत असते.

यावर उपाय एकच. इंजिन व रेडिएटर या दोहोंहून उंच जागी, सामान्यतः इंजिनामागील उभ्या पत्र्यावर, पाण्याची एक छोटी टाकी बसवावयाची आणि भरण्याचे टोपण तिलाच ठेवावयाचे. इंजिनाच्या माथ्यावरून एक व रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून एक, अशा दोन बारीक नळ्या टाकीत आणाव्या. या नळ्या सबंध वाटेत चढत्याच असल्या पाहिजेत. मध्ये कोठे उंचवटा येऊन पुढे उतार आला, तर त्या उंचवट्यावर हवा पुन्हा अडकते. त्या बारीक का, तर जाड नळीतून तापलेले पाणीही रेडिएटर चुकवून पळू लागेल. टाकीच्या तळातून मात्र जाड नळी निघून पंपाच्या ओढीच्या बाजूस मिळते. अशा रीतीने हवा वर जाऊन टाकीत वेगळी होते व तिची जागा खालून येणारे पाणी घेते. तापलेल्या पाण्याला प्रसरणासाठी लागणारी जागाही येथेच मिळते. 10 लिटर पाणी 20 अंशांवरून 90 अंशांवर गेले, तर ते सुमारे एक तृतीयांश लिटरने वाढते. म्हणून टाकी काठोकाठ भरावयाची नसते.

टोपणाचे काम केवळ झाकण्याचे नाही. त्यातील स्प्रिंगची झडप आतील दाब ठराविक मर्यादेपर्यंत वाढू देते. वातावरणाच्या दाबाहून एक बार अधिक दाब असता पाण्याचा उत्कलनबिंदू 100 वरून सुमारे 120 अंशांवर जातो. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचे तत्त्व ते हेच. याचे महत्त्व डोंगराळ प्रदेशात विशेष पटते. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे 3500 मीटर उंच असल्याने तेथे उघडे पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळते, म्हणजे थर्मोस्टॅट उघडावयाच्या वेळीच! टोपणात उलट दिशेची दुसरीही एक लहान झडप असते. इंजिन निवताना आत पोकळी निर्माण होऊ लागली, की ती उघडते. ती नसती तर रबरी नळ्या चेपल्या गेल्या असत्या.

नळ्यांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. इंजिन रबरी उशांवर डोलते, रेडिएटर सांगाड्याला बांधलेला असतो. म्हणून दोहोंमध्ये रबरी नळीचा तुकडा हवाच. धातूच्या नळीच्या टोकाशी उंचवटा काढलेला नसेल, तर आवळलेली पट्टीही दाबाखाली निसटते.

हवेचा मार्ग आखताना मात्र पुष्कळांची फसगत होते. रेडिएटर नाकाच्या पोकळीत बसविला एवढ्याने त्यातून हवा जात नाही. जाळीच्या कडेने बोटभर फट राहिली तरी हवा तोच सोपा रस्ता धरते. म्हणून तोंडापासून रेडिएटरच्या कडांपर्यंत पत्र्याची बंद वाट करून फटी फेसाच्या रबराने बुजवाव्या. आत आलेल्या हवेला बाहेर पडण्यास जागा नसेल तर ती आतही येत नाही; अशा मोटारींच्या बॉनेटवर तिरप्या फटी असतात त्या यासाठी. विजेचा पंखा मोटार उभी असताना लागतो. तो थर्मोस्टॅट उघडण्याच्या तापमानाहून थोड्या अधिक तापमानाला सुरू होईल, अशी कळ निवडावी. अन्यथा तो अखंड फिरत राहील.

भरण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण वापरतात. समभाग मिश्रण सुमारे उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही; उष्ण प्रदेशात त्याचा मुख्य उपयोग त्यात मिसळलेल्या गंजरोधक द्रव्यांसाठी. ग्लायकॉल गोडसर व विषारी असते, म्हणून ते मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे.

मोटारीचे नाक खाली आणि टाकी वर, अशी स्थिती साधेल तर उत्तम. उबदार हवेची पेटी असल्यास तिचा नळ उघडावा, माथ्यावरील हवा सोडण्याचा स्क्रू सैल करावा व मिश्रण सावकाश ओतावे. रबरी नळ्या हाताने दाबीत राहिल्यास बुडबुडे वर येतात. स्क्रूतून अखंड धार आली की तो आवळून इंजिन मंद चालू ठेवावे. थर्मोस्टॅट उघडताच रेडिएटरकडे जाणारी नळी एकाएकी गरम लागते व टाकीतील पातळी खाली येते. तेवढी भर घालून टोपण लावावे. तापलेल्या इंजिनाचे टोपण मात्र कधीही उघडू नये. दाब जाताच आतील पाणी क्षणात उकळून अंगावर उडते. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण निवाल्यावर, पातळी पुन्हा पाहावी. ती बहुधा थोडी उतरलेली असते, कारण उरलीसुरली हवा रात्रीतून वर आलेली असते. लागोपाठ दोन सकाळी पातळी हलली नाही, की मोटार रस्त्यावर न्यावयास हरकत नाही.