गाऊटचे मूळ मूत्रपिंडात

पायाचा अंगठा एका रात्रीत टरारून सुजतो, चादरीचा स्पर्शही सोसत नाही, हा गाऊट. दोष बिचाऱ्या तुरीच्या डाळीला दिला जातो. वास्तविक रोज तयार होणाऱ्या युरिक ॲसिडपैकी सुमारे दोनतृतीयांश मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. ती मंदावली की ते रक्तात साठते, सांध्यात त्याचे स्फटिक जमतात आणि दुखणे वारंवार उलटते. मग दुकानातून डायक्लोफेनॅक आणले जाते (चिठ्ठी विचारतो कोण?) आणि थकलेली मूत्रपिंडे आणखी बिघडतात. म्हणून युरिक ॲसिडबरोबर क्रिएटिनिनही तपासून घ्यावे. अशा रुग्णांना ॲलोप्युरिनॉल अगदी कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली राहिले पाहिजे. सूज उतरली म्हणून गोळी सोडू नये. अंगावर पुरळ उठले तर मात्र ताबडतोब थांबवून डॉक्टरांना दाखवावे.