पेजमेकर उघडलं, पण मराठी कुठे गेली?

ही चूक माझी आहे, म्हणून तुम्ही तरी करू नका.

मे महिन्याच्या सुट्टीत औंधला काकांच्या डीटीपीच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर मी फॉरमॅट केला. "इंजिनीअरिंगला आहे ना, करेल ती," म्हणून काकांनी विश्वासाने दिला होता. फाइल्सची कॉपी मी आधी काढली होती. पण पेजमेकर 7 परत टाकून आजोबांच्या आठवणींचं पुस्तक उघडलं, तर पानभर एबीसीडी, डॉलर आणि टक्क्यांची चिन्हं! आजोबा आता नाहीत. छापील प्रत एकच, तीही वाळवीने खाल्लेली. काका काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

खरं तर फाइल बिघडलीच नव्हती. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो. 2001 साली आलेल्या पेजमेकर 7 ला युनिकोड कळत नाही. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागेवर काना, मात्रा, अर्धी अक्षरं बसवलेली असत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. मी फाइल्स घेतल्या, पण फॉन्ट घ्यायला विसरले!

अशा वेळी काय करायचं?

1. मूळ फाइलला हात लावू नका, कॉपीवर काम करा.

2. उघडताना पेजमेकर नसलेल्या फॉन्टची यादी दाखवतं. ती नावं वहीत लिहून घ्या. बदली फॉन्ट 'टेम्पररी'च ठेवा. 'परमनंट' केलात तर मूळ फॉन्टचं नाव फाइलमधून जाईल.

3. त्याच नावाचा फॉन्ट शोधा. आम्हाला तो काकांच्या एका प्रेसवाल्या मित्राकडे मिळाला. फॉन्ट टाकला आणि आजोबा पुन्हा बोलायला लागले!

4. फोटो दिसत नसतील तर 'लिंक्स मॅनेजर' बघा. मोठे फोटो बऱ्याचदा फाइलच्या बाहेर असतात.

5. फाइल फुगली असेल तर 'सेव्ह ॲज' करा, आकार कमी होतो.

6. सगळं नीट दिसलं की लगेच पीडीएफ काढा. मजकूर त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि एकदा वाचून तपासा. जोडाक्षरं हमखास चुकतात.

पेजमेकरची नवी आवृत्ती येणार नाही. इनडिझाइनही सीएस 6 पर्यंतच या फाइल्स उघडत असे, पुढच्या आवृत्त्या उघडत नाहीत. म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

आमच्या औंधला पं. सातवळेकर 1918 साली आले. तिथे स्वाध्याय मंडळाने छापलेली पुस्तकं आजही नुसती उघडून वाचता येतात. आणि आपली वीस वर्षांपूर्वीची फाइल मात्र फॉन्टवाचून मुकी!

तेव्हा घरी गेलात की जुन्या सीडी काढा. फाइल, फॉन्ट, फोटो आणि पीडीएफ, चारही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. फॉरमॅट त्यानंतर!