पावसाची सरासरी व घनतेची वक्ररेषा

गांवचा पाऊस सरासरी वीस इंच, म्हणजे सुमारें ५०० मिलिमीटर, एवढें एक वाक्य धरून पिकाचा व कर्जाच्या हप्त्याचा अंदाज बांधण्याची आपल्यांत जुनी चाल आहे. सरासरी खोटी नसते. परंतु तिच्या खालीं पाऊस किती वेळां जाईल हें ती सांगत नाहीं. तें पाहण्यास संभाव्यता-घनतेची वक्ररेषा काढावी लागते. पूर्वीं कोष्टकें व आलेखाचा कागद घेऊन करावयाचें हें काम आतां संगणकावर एका ओळींत होतें.

यासाठीं 'आर' नांवाची प्रणाली सोयीची आहे. ऑकलंड विद्यापीठांतील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं ती निर्माण केली. ती विनामूल्य मिळते. आज्ञा रोमन लिपींत लिहावयाच्या असतात.

समजा, सरासरी ५०० व प्रमाण विचलन २५० मिलिमीटर आहे. हे आंकडे केवळ उदाहरणादाखल होत. वाचकांनीं आपल्या तालुक्याचे घ्यावे. प्रथम मनांत येते ती घंटेच्या आकाराची प्रसामान्य रेषा. पण ती काढून पाहतां तिचा डावा पाय शून्याच्याही पलीकडे जातो व शंभरांतील दोन वर्षीं पाऊस उणा पडेल असें निघतें! म्हणून पावसास गॅमा रेषा बरी. ती शून्यापाशीं आरंभ करते, लवकर चढते व उजवीकडे हळूहळू उतरते. १९९३ सालीं मांडल्या गेलेल्या प्रमाणित पर्जन्य निर्देशांकांतही बहुधा हीच वापरतात.

तिला दोन आंकडे द्यावे लागतात. सरासरीस विचलनानें भागून वर्ग केला कीं आकार मिळतो, तो येथें ४. आणि विचलनाच्या वर्गास सरासरीनें भागलें कीं माप मिळतें, तें १२५. मग लिहावें: कर्व्ह (डीगॅमा (एक्स, शेप = ४, स्केल = १२५), फ्रॉम = ०, टू = १५००). 'स्केल' हें नांव गाळूं नये. नुसतें १२५ लिहिल्यास यंत्र त्यास मापाचा व्यस्तांक समजतें व तळाशीं चिकटलेली सपाट रेघ दाखवितें. यंत्र चूक सांगत नाहीं, हें विशेष.

रेषेचें शिखर ३७५ मिलिमीटरवर येतें व त्याची उंची अवघी ०.००१८. एवढी अल्प संभाव्यता कशी, असें पुष्कळांस वाटतें. ती संभाव्यता नव्हेच. ती दर मिलिमीटरमागची घनता होय. पाऊस सेंटिमीटरांत मांडला तर तीच उंची दसपट होईल, पाऊस मात्र तितकाच. संभाव्यता रेषेखालच्या क्षेत्रफळांत असते, आणि तें सर्व मिळून १ भरतें.

हें क्षेत्रफळ 'पीगॅमा' ही आज्ञा देते. ५०० च्या डावीकडे ०.५७ निघतें, म्हणजे शंभरांपैकीं ५७ वर्षें सरासरीहून कमी पावसाचीं. थोडीं अतिवृष्टीचीं वर्षें सरासरीस वर ओढून नेतात, त्याचा हा परिणाम. ज्याचा हिशेब ३०० मिलिमीटरखालीं कोलमडतो त्यास हें क्षेत्रफळ ०.२२ मिळतें. पांचांत एखादें वर्ष, असें वाटून तो निश्चिंत होईल. पण तीन वर्षांच्या हप्त्यांचें कर्ज काढलें असेल, व एका वर्षाचा पाऊस दुसऱ्यावर अवलंबून नाहीं असें धरलें, तर तिन्ही वर्षें निभावण्याची संभाव्यता ०.४७ च राहते. निम्म्याहून कमी! सरासरी पाहून सही करणाऱ्यास हें दिसत नाहीं.

शेवटीं, रेषा आपल्या नोंदींशीं ताडून पाहावी. तीसएक वर्षांचे आंकडे 'हिस्ट' आज्ञेस देऊन 'फ्रीक = फॉल्स' लिहावें (हा 'फॉल्स' मोठ्या अक्षरांत), म्हणजे स्तंभांचें क्षेत्रफळही १ होतें; नाहीं तर स्तंभ वर्षांची गणती दाखवितात व रेषा त्यांच्या पायथ्याशीं दिसेनाशी होते. मग 'कर्व्ह'च्या आज्ञेंत 'ॲड = ट्रू' घालून तीच रेषा वर काढावी. ३०० च्या डावीकडचे स्तंभ रेषेच्या वर डोकावत असतील, तर ०.२२ हा आंकडाही कमीच समजावा.