खोबरेल तेल : उपयोग आणि दक्षता

कोकणच्या किनारपट्टीवर खोबरेल तेल केसांस, त्वचेस आणि स्वयंपाकासही वापरले जाते. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते वाळवून ओलावा सुमारे ६ टक्क्यांवर आणल्यानंतरच खोबरे घाण्यावर न्यावे; एरवी त्यास बुरशी लागते आणि तेल लवकर खवट होते.

सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली हे तेल गोठते. हा त्याचा गुणधर्म असून दोष नव्हे. गोठलेली बाटली कोमट पाण्यात ठेवावी. स्नानानंतर किंचित ओल्या त्वचेवर तेल लावल्यास कोरडेपणा कमी होतो. मात्र त्यात सुमारे ९० टक्के संपृक्त मेद असल्याने आहारातील प्रमाण बेताचेच असावे.

भाजलेल्या जागी खोबरेल लावण्याची प्रथा मात्र सर्वस्वी अपायकारक होय. तेलाच्या थरामुळे उष्णता आत कोंडली जाते. अशा वेळी त्या जागेवर २० मिनिटे थंड पाण्याची धार धरावी, स्वच्छ कापडाने ती सैलसर झाकावी आणि रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. शाळांतून व ग्रामसभांतून ही माहिती दिली गेल्यास अनेकांचे क्लेश टळतील.