सुटेल अशी गाठ

माझ्या पहिल्या गलबताची डोलकाठी जुलैतल्या एका रात्री मोडली. वारा नव्हता, कोणाचा धक्का लागला नव्हता. बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात ते हातभर लांबीचं गलबत उभं होतं. सकाळी पाहतो तर काठीचा शेंडा, जिथे परभाण (शीड बांधायची तिरकी काठी) वर चढवायच्या दोरासाठी मी भोक पाडलं होतं, नेमका तिथेच तुटून नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, लोंबत होता. बाकीचे दोर इतके ताणलेले की बोट लावलं तर आवाज यावा. तेरा महिन्यांचं काम होतं ते.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जून ते सप्टेंबर आमच्याकडे मीठ पाझरतं, दारं फुगतात, पुस्तकांना वास येतो. मी सगळे दोर सुती दोऱ्याचे केले होते. सुती दोरा हवेतलं पाणी पितो, पिळाच्या आत फुगतो आणि फुगला की लांबीला आखडतो. एका दोराचं आखडणं नजरेलाही येत नाही. पण वीस-बावीस दोर एकाच काठीला खाली ओढू लागले की चार मिलिमीटरची काठी किती टिकणार? उन्हाळ्यात मी ते सगळे कडक ताणून, गाठींवर झटपट वाळणाऱ्या गोंदाचा थेंब टाकून कायमचे पक्के केले होते. सैल पडायला कुठे जागाच ठेवली नव्हती.

काठी मोडली याचं वाईट वाटलं, पण खरी चूक त्याहून मोठी होती. ती मला राजिवड्यातल्या एका वृद्ध तांडेलांनी दाखवली. त्यांचा नातू माझा जुना विद्यार्थी. गलबताचं कळल्यावर तो एका रविवारी आजोबांना घेऊन घरी आला. हे चाचा विशीत असताना फत्तेमारीवर, म्हणजे शिडाच्या मालवाहू जहाजावर, खलाशी होते. मंगळुरी कौलं भरून मुंबईला जायची, वाटेत बंदरं घ्यायची, असं त्यांचं तेव्हाचं आयुष्य. त्यांनी मोडलेल्या काठीकडे पाहिलंच नाही. काठीच्या टोकापासून नाळेपर्यंत मी एक जाड दोर ताणला होता, त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “मास्तर, हा दोर कशाला?”

मी म्हणालो, “काठी मागे पडू नये म्हणून, चाचा.”

“मग परभाण फिरणार कुठून?”

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी टेबलावरची एक पेन्सिल उभी धरली, दुसरी तिला तिरकी टेकवली आणि वारा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला आला की काय करायचं ते दाखवलं. फत्तेमारीचं शीड एका लांब तिरक्या परभाणाला बांधलेलं असतं आणि परभाण डोलकाठीच्या एकाच बाजूला असतं. बाजू बदलायची तर जहाज वाऱ्याला पाठ देऊन वळवायचं, परभाण जवळजवळ उभं करायचं, शीड काठीच्या पुढून पलीकडे न्यायचं आणि दामण, म्हणजे शिडाचं खालचं टोक ओढून धरणारा दोर, तोही पुढून फिरवून आणायचा. काठीच्या पुढे कायमचा ताणलेला दोर असेल तर हे होणारच नाही. म्हणूनच त्या जहाजांची काठी थोडी पुढे झुकलेली असते. जड परभाण तिच्यापासून सुटं लोंबतं, फिरवताना अडकत नाही. माझी काठी काटकोनात सरळ होती.

मग त्यांनी दोन्ही बाजूंचे पाच-पाच दोर पाहिले. त्यांच्यामध्ये मी मोठ्या हौसेनं आडव्या दोऱ्या बांधून शिड्या केल्या होत्या, एका बाजूला एकशे दहा गाठी. “आमच्याकडे बाजूचे दोर सोडायचे असत. वाऱ्याकडचा ताठ, दुसरीकडचा ढिला. वारा फिरला की ह्या बाजूचा सोडा, त्या बाजूचा ओढा. तुम्ही तर सगळेच बांधून टाकलेत.”

मी समोर ठेवून काम केलं होतं तो आराखडा विलायती जहाजाचा होता, आडव्या परभाणांच्या चौकोनी शिडांचा. त्या जहाजात पुढचा दोर लागतो, बाजूचे दोर कायमचे असतात आणि खलाशी त्यांच्यावरून वर चढतात. तिथे ते सगळं बरोबर. मी ते उचलून गलबतावर चढवलं, कारण चित्रात ते भरगच्च आणि देखणं दिसत होतं. दोर म्हणजे सजावट अशी माझी समजूत होती.

आपल्या जहाजांच्या बाबतीत ही चूक सहज होते, कारण समोर ठेवायला अस्सल नमुना नाही. आपल्या सुतारांनी जहाजं बांधली ती हाताच्या आणि नजरेच्या मापानं. विजयदुर्गाखाली फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांचं आरमार जळालं, आणि गुराबा-गलबतांची ओळख आज उरली आहे ती मुख्यतः वर्णनांतून आणि चित्रांतून. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म गलबताचं वर्णन करतो ते असं: फार तर सत्तर टनांचं, दोन काठ्यांचं, मागची काठी अगदी हलकी, मोठ्या काठीवर एकच मोठं त्रिकोणी शीड, आणि चाळीस-पन्नास वल्ही. त्रिकोणी शीड हा एक शब्द मी वाचला होता. त्या शब्दामागून येणारे दोर मात्र मी दुसऱ्याच जहाजाचे घेतले.

जुन्या चित्रावरून जहाज उभं करणं अशक्य नाही. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बांधलेलं, फळ्या काथ्याच्या दोरानं शिवलेलं ‘कौंडिण्य’ मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. त्याचाही तयार आराखडा नव्हता. पण तिथे फळ्या शिवणारे केरळचे कारागीर होते, आणि सांगाड्याच्या प्रतिकृतीची चाचणी आयआयटी मद्रासमध्ये झाली. चित्रात न दिसणारं कोणाला तरी विचारावं लागतं, तपासून पाहावं लागतं.

त्या दुपारी मी कोणताही दोर सोडू शकलो नाही. झटपट गोंदानं गाठी काचेसारख्या कडक झाल्या होत्या. दमट हवेत त्या गोंदाची पांढरी वाफ आजूबाजूच्या दोऱ्यावर बसते, तशी ती सगळीकडे बसली होती. काठी तळातही चिकटवलेली. शेवटी कात्रीनं सगळं कापलं आणि काठी करवतीनं काढली. दुसरं गलबत त्याच सांगाड्यावर उभं राहिलं. त्यातून जे हाताला लागलं ते या कामात नव्यानं पडणाऱ्यांसाठी सांगतो.

आधी कागद घ्या. प्रत्येक दोराचं नाव किंवा क्रमांक लिहा आणि त्यापुढे तीन गोष्टी: सुरू कुठे होतो, संपतो कुठे, आणि कोणता माणूस कुठे उभा राहून तो ओढणार. तिसऱ्या रकान्यात उत्तर आलं नाही तर तो दोर बांधू नका. माझ्या पहिल्या गलबतावर बेचाळीस दोर होते, दुसऱ्यावर सतरा आहेत.

जाडीचा घोटाळा फार जणांचा होतो. जुन्या जहाजी पुस्तकांत दोराचं माप परिघाचं असतं. सहा इंची दोर म्हणजे सहा इंच जाडीचा नव्हे. त्याची जाडी साधारण अठ्ठेचाळीस मिलिमीटर. पन्नासाला एक या मापात तो जेमतेम एक मिलिमीटरचा येतो. मी तो तीन मिलिमीटरचा केला होता आणि गलबताला गुरं बांधायच्या दाव्यांनी जखडल्यासारखं दिसत होतं. परिघाला ३.१४ नं भागा, मग प्रमाणानं.

दोरा पॉलिएस्टरचा घ्या, चमक नसलेला. दुकानदार काहीही सांगेल. घरी आणून टोक पेटवून पाहा. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून आखडतं आणि टोकाला कडक मणी होतो. मिरकरवाड्यात मासेमारीचं सामान मिळतं तिथला नायलॉनचा तंगूस मोहात पाडतो, पण त्याची गाठ घसरते आणि तो उन्हात चकाकतो. पॉलिएस्टरवर बारीक लव असते, ती मधमाशीच्या मेणानं बसते: मेणाच्या वडीवरून दोरा दोनदा ओढायचा आणि मग चिमटीत घट्ट धरून सरकवायचा, चिमटीच्या उबेनं मेण आत जातं. मेणबत्तीचं मेण नको, ते पुढे पापुद्र्यासारखं सुटतं.

विकतचा दोरा दोरासारखा दिसत नाही, दोऱ्यासारखा दिसतो. दोर वळावा लागतो, आणि तो कसा वळायचा हे कोकणातल्या माणसाला शिकवायला नको. माझी आत्या पडवीत बसून सुंभ वळायची. तळहातावर काथ्याच्या दोन वाती एका दिशेनं पिळायच्या आणि मग त्या एकमेकींवर उलट दिशेनं चढवायच्या. वाती उलगडू पाहतात, दोर मिटू पाहतो, आणि त्या ओढाताणीतच तो घट्ट राहतो. मी तेच दोऱ्यावर करतो. पडवीच्या खांबाला तीन खिळे, प्रत्येकाला एक दोरा. तिन्ही दोरे गिरमिटानं एकेक करून उजवीकडे सारखेच फेरे देऊन पिळायचे. मग तिघांची मोकळी टोकं एका आकड्यात घेऊन तो आकडा डावीकडे फिरू द्यायचा. सुरुवातीला फेरे मोजायला विसरलात तर एक वात सैल राहते आणि दोराला गाठीसारखे फुगे येतात. चार हात दोऱ्याचा माझा तीन हातच दोर होतो, तेव्हा दोरा जास्तच घ्या.

कप्प्या मी शिवणीच्या लाकडाच्या करतो, पाच मिलिमीटरच्या. खरी कप्पी वीतभराची असेल तर या मापात तेवढीच येते. सगळ्या कप्प्या काठी आणि परभाण टेबलावर आडवे असतानाच बांधून घ्या. उभ्या काठीच्या टोकाला कप्पी बांधायला गेलात तर हात दुसरं काहीतरी मोडतो. काठी उभी केल्यावर आतले दोर आधी, कडेचे शेवटी. खालचे आधी, वरचे नंतर. नाहीतर स्वतःच बांधलेल्या जाळ्यातून क्रोशाची सुई घालत बसावं लागतं.

शिडासाठी मांजरपाट फार जाडा पडतो. घरातली जुनी मलमल उत्तम. शिवणयंत्राचा दोन मिलिमीटरचा टाका या मापात दहा सेंटिमीटरचा होतो, म्हणून पट्ट्यांचे जोड शिवू नका, कठीण पेन्सिलीनं आखा. कापडाला खळ लावू नका. आमच्याकडच्या हवेत खळीवर कसर येते, आणि एका पावसाळ्यात शिडाची चाळण होते.

आता गाठीचं. प्रत्येक दोर पहिल्यांदा सुरगाठीनं बांधा आणि शेपूट बोटभर लांब ठेवा. एक दोर ओढला की काठी केसभर हलते आणि मागचा सैल पडतो. हे पाच-सात वेळा होणारच. सगळे दोर चढल्यावर गलबत आठवडाभर तसंच राहू द्या, मग पुन्हा ताण पाहा. काठी समोरून आणि बाजूनं ओळंब्याशी ताडून पाहा. त्यानंतरच गाठ पक्की करा, तीही पाण्यात पातळ केलेल्या साध्या पांढऱ्या फेव्हिकॉलच्या थेंबानं. पुढे सोडायची वेळ आली तर कोमट पाण्याचा थेंब दहा मिनिटं ठेवला की गाठ मऊ पडते. काठीचं बूड मात्र अजिबात चिकटवू नका. भोकात नीट बसवलेली काठी दोरांनीच उभी राहते.

ताण किती द्यायचा? वाऱ्याकडचे दोर सरळ दिसण्याइतके, वीणेच्या तारेइतके नव्हे. दुसऱ्या बाजूचे थोडे पोटात आलेले. चाचांनी सांगितलेलं जहाजाच्या दृष्टीनं खरं आहे आणि काठीच्या दृष्टीनं सोयीचंही, कारण त्या ढिलाईत पावसाळा मावतो. माझ्या दुसऱ्या गलबतानं आता चार पावसाळे काढले आहेत. नारळी पौर्णिमेच्या सुमारास, बंदरात शाकारलेल्या होड्यांवरचे झाप निघतात तेव्हा, मी कपाट उघडतो आणि सतराही दोर बोटानं तपासतो. आजवर तीन पुन्हा बांधावे लागले. तिन्ही न कापता सुटले.

चाचांकडून ऐकलेली दोरांची, गाठींची आणि शिडाच्या भागांची नावं मी एका वहीत लिहून ठेवली आहेत. त्यातली पुष्कळ मला कोशात मिळाली नाहीत, आणि काही नावं दोन बंदरांत दोन निघाली. चाचा गेल्या वर्षी गेले. वहीतली निम्मी पानं कोरी राहिली. शिडाच्या जहाजावर काम केलेलं माणूस तुमच्या घरात, वाडीत, शेजारच्या बंदरावर अजून असेल, तर कृपा करून यंदाच्या पावसाळ्यात, बोटी बंद असताना, त्याच्याकडे जाऊन बसा. जाताना दोन पेन्सिली आणि हातभर दोरी घेऊन जा. नावं नुसती विचारून आठवत नाहीत. दोरी हातात दिली की आठवतात.