कोंबड्याचा काटा लागला तर

‘डॉक्टर, कोंबड्यानं मारलान’ असं सांगताना माणसं ओशाळतात. म्हणून जखम घरीच राहते, तिच्यावर हळद-चुना नाहीतर दगडी पाल्याचा रस बसतो आणि पाय सुजून ठणकायला लागला की मग दवाखान्याची आठवण होते. रत्नागिरीच्या गावांत घरोघरी परड्यात कोंबड्या असतात. यात लाजण्यासारखं काही नाही. लवकर या.

कोंबड्याच्या पायामागचा काटा आतून हाडाचा आणि वरून शिंगासारखा टणक असतो. उडी मारून त्यानं तो पोटरीत रुतवला की वरून दिसतं ते तांदळाच्या दाण्याएवढं भोक. आत मात्र जखम खोल जाते आणि शेणामातीतले जंतूही तिच्यासोबत आत जातात. धनुर्वाताच्या जंतूला हवा न पोचणारी अशीच जागा मानवते. म्हणून साबण लावून नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान दहा मिनिटं जखम धुवा, तिच्यात काहीही भरू नका. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील, किंवा कधी घेतलं ते आठवतच नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मधुमेह असेल, किंवा काटा गुडघ्याच्या किंवा बोटाच्या सांध्याजवळ रुतला असेल, तर सूज येण्याची वाटच पाहू नका.

कुत्र्याची इंजेक्शनं घ्यावी लागतील का, हे हमखास विचारलं जातं. नाही. रेबीज सस्तन प्राण्यांकडून येतो, कोंबड्याकडून नाही.

मला खरी धास्ती आहे ती लहान मुलांच्या डोळ्यांची. तीन-चार वर्षांच्या पोराचं तोंड चिडलेल्या कोंबड्याच्या टप्प्यात येतं. चोच बुबुळाला लागली की जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण जंतू आत गेले तर एक-दोन दिवसांत नजर जाऊ शकते. अशा वेळी डोळा चोळू नका, दाबू नका, तूप-मध-दूध काही घालू नका. डोळ्याला टेकणार नाही अशी स्वच्छ वाटी वरून धरा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे न्या. पोर रडायचं थांबलं, म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

पायाच्या शिरा फुगलेल्या आजीआजोबांनीही जपावं. ऑस्ट्रेलियात अंडी गोळा करताना कोंबड्यानं पायाच्या फुगलेल्या शिरेवर टोचल्यामुळे एका वृद्ध बाईंचा रक्तस्रावानं मृत्यू झाल्याची नोंद 2019 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. अशी शीर फुटली तर उभं राहू नका. आडवं व्हा, पाय उंच करा, स्वच्छ फडक्यानं त्या जागी घट्ट दाबून धरा आणि हाक मारा.

आता कोंबड्याचं. पाच-सहा महिन्यांचा झाला की तो तलंगांची राखण करायला लागतो. मानेची पिसं फुलवून, एक पंख खाली सोडून आडवा नाचायला लागला, की तो अंगावर येणार हे ओळखा. पाठ फिरवून पळू नका. पळणाऱ्याचा तो पाठलाग करतो. लाथही घालू नका, त्याला ती झुंजच वाटते. तोंड त्याच्याकडे ठेवून, हातातलं सूप किंवा छत्री मध्ये धरून हळूहळू मागे या. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. कोंबड्या कमी आणि कोंबडे दोन-तीन असले की भांडणं वाढतात. काट्याचं टोक कानशीनं बोथट करता येतं, पण तो मुळापासून कापू नका, आत रक्तवाहिनी असते.

आणि कोंबडा राखणीसाठी देवाच्या नावानं ठेवलेला असेल, तर विकता येत नाही, कापताही येत नाही, हे मला ठाऊक आहे. मग त्याला जाळीच्या खुराड्यात वेगळा ठेवा. मुलं अंगणात खेळत असताना आणि आजी वाकून झाडत असताना तो डाललेलाच असू द्या.